हाफकिन : एका परक्या माणसाचे ऋण

(द्वितीय वर्ष, कला)

परळची हाफकिन संस्था ठाऊक नाही असा माणूस महाराष्ट्रात विरळा. सर्पदंशावरचे औषध तिथे तयार झाले, पोलिओचे डोस तिथल्या आवारातून देशभर गेले, एवढे तरी सर्वांना माहीत असते. पण हाफकिन हे एका माणसाचे नाव आहे, तो माणूस कोण, कुठला, तो मुंबईत कशासाठी आला आणि येथून कोणत्या मनःस्थितीत परत गेला, असे विचारले तर आपण बहुतेक जण गप्प बसतो. मीही याच वर्षी प्लेगच्या काळाबद्दल वाचत असताना या माणसापर्यंत पोहोचले. इतिहास हा माझा विषय. विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. तरीही हे चरित्र लिहावेसे वाटले, कारण ते जितके विज्ञानाचे आहे तितकेच विश्वासाचे आहे. आपल्या अंगात सुई टोचणाऱ्या परक्या हातावर माणसाने विश्वास का ठेवावा, आणि तो हात विश्वासाला पात्र कसा होतो, हा प्रश्न या साऱ्या आयुष्यात पुन्हा पुन्हा समोर येतो.

वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा तेव्हा रशियाच्या झारच्या साम्राज्यात होते. तिथे ज्यू माणसाने कुठे राहावे, काय शिकावे, कोणती नोकरी करावी यावर अनेक बंधने होती. अशा वातावरणात हा मुलगा १८७९ मध्ये ओडेसाच्या विद्यापीठात दाखल झाला. सुदैवाने तिथे त्याला इल्या मेचनिकॉव्ह यांच्यासारखे गुरू लाभले. शरीरातल्या पांढऱ्या पेशी बाहेरून आलेल्या जंतूंना गिळून टाकतात, हे पुढे मेचनिकॉव्ह यांनीच दाखवून दिले. त्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली एका सागरी जीवाच्या पारदर्शक शरीरात प्रत्यक्ष पाहिले होते. पाहणे हाच त्यांच्या शिकवण्याचा पाया होता.

१८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली आणि रशियात ठिकठिकाणी ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. ओडेसातील ज्यू तरुणांनी आपल्या वस्तीच्या रक्षणासाठी दल उभारले. हाफकिन त्यात होते. ते जखमी झाले, पकडले गेले, आणि मेचनिकॉव्ह यांनी रदबदली केली म्हणून सुटले. शिक्षण पुरे झाल्यावर अध्यापनाची वाट त्यांच्यापुढे आली, पण तिला एक अट होती. त्यांनी ज्यू धर्म सोडून ख्रिस्ती व्हावे. हाफकिन यांनी ती अट मानली नाही. मग ते ओडेसाच्या प्राणिसंग्रहालयात, म्हणजे प्राणिशास्त्राच्या वस्तुसंग्रहालयात, साधे काम करीत राहिले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. हाफकिन हे वैद्य नव्हते. ते प्राणिशास्त्रज्ञ होते. पुढे हीच गोष्ट त्यांच्याविरुद्ध अनेकदा वापरली गेली.

संग्रहालयातल्या त्या वर्षांत त्यांचा अभ्यास होता एकपेशीय जीवांचा. डबक्याच्या पाण्याच्या एका थेंबात हे जीव शेकड्यांनी असतात आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. ते पाहायचे तर सूक्ष्मदर्शक हवा, आणि सूक्ष्मदर्शक असून भागत नाही, तो वापरण्याची सवय हवी. आमच्या शाळेत एक सूक्ष्मदर्शक होता. तो काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेला असे आणि तपासणीच्या दिवशी तेवढा पुसला जाई. त्यामुळे त्यातून बघणे म्हणजे नळीला डोळा लावणे, अशी माझी समजूत होती. या लेखासाठी वाचताना समजले की ते फार अवघड कसब आहे. खालच्या आरशाने प्रकाश नेमका आणायचा, तो जास्त झाला तर पारदर्शक जीव दिसेनासा होतो, कमी झाला तर सगळेच अंधारते. स्क्रू केसभर फिरला तरी दृश्य नाहीसे होते. शिवाय डोळ्याला जे दिसते ते जीव आहे, की धुळीचा कण, की हवेचा बुडबुडा, हे ओळखायला वर्षे लागतात. हाफकिन यांनी ती वर्षे दिली.

१८८८ मध्ये त्यांनी रशिया सोडला. आधी जिनिव्हाला थोडे दिवस काम केले आणि १८८९ मध्ये ते पॅरिसला आले. लुई पाश्चर यांच्या नावाची संस्था तिथे नुकतीच उभी राहिली होती आणि मेचनिकॉव्हही तिथेच होते. पण जागा कोठे होती? एकच जागा रिकामी होती, ग्रंथालयात साहाय्यकाची. विद्यापीठाची पदवी घेतलेल्या, स्वतंत्र संशोधन केलेल्या माणसाने पुस्तके लावण्याचे काम पत्करले. ज्यांच्या घरात आधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, अशा आमच्यासारख्यांना हा प्रसंग विशेष जवळचा वाटतो. आत शिरायला जे दार उघडे असेल त्यातून शिरायचे आणि मग नजर ठेवायची, हे आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. दिवसा ग्रंथालय आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेतले टेबल, असा हाफकिन यांचा क्रम सुरू झाला.

त्याच १८८९ साली पाश्चर संस्थेत एक नवीन गोष्ट सुरू झाली होती. पाश्चर यांचे सहकारी एमिल रू यांनी जंतुशास्त्राचा प्रात्यक्षिक अभ्यासक्रम काढला होता. आज जगभरच्या संस्थांत संशोधकांसाठी सूक्ष्मदर्शकाचे थोड्या दिवसांचे पण सखोल असे शिक्षणवर्ग भरतात. त्यांच्या आद्य पूर्वजांपैकी हा एक म्हणता येईल. तसे वर्ग बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्याकडेही भरत. रू यांच्या वर्गात देशोदेशीचे डॉक्टर आणि संशोधक येत. आधी व्याख्यान होई आणि मग प्रत्येकाने आपापल्या टेबलाशी बसून तेच स्वतःच्या हाताने करायचे. मोठमोठ्या पदव्या मिळवलेले लोक तिथे पुन्हा विद्यार्थी होत.

त्या टेबलाशी काय शिकवले जात असेल, याची कल्पना त्या काळच्या पद्धतींवरून करता येते. तारेचे टोक दिव्याच्या ज्योतीत लाल होईपर्यंत धरायचे, म्हणजे त्यावरचे सारे जंतू मरतात. ते निवले की रोगाच्या द्रवाचा कण उचलून काचपट्टीवर पातळ पसरायचा. पट्टी वाळली की ज्योतीवरून हलकेच फिरवायची, म्हणजे थर पट्टीला चिकटून बसतो. मग निळा किंवा जांभळा रंग घालून धुवायचा. जंतू मुळात बिनरंगी असतो, त्यामुळे रंग दिल्याशिवाय तो उठून दिसत नाही. जंतूची लांबी साधारण एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी. तेवढे बारीक पाहण्यासाठी भिंग आणि काचपट्टी यांच्यामध्ये तेलाचा थेंब सोडावा लागतो. हवेतून जाताना वाकून वाया जाणारा प्रकाश तेलामुळे भिंगात शिरतो आणि आकृती स्पष्ट होते. आणि जिवंत जंतूची हालचाल पाहायची असेल तर खोलगट काचपट्टीवर उलटा लोंबता थेंब घ्यायचा. पटकीचा जंतू अशा थेंबात स्वल्पविरामासारखा वाकडा आणि अतिशय चपळ दिसतो. यातली एकही पायरी गाळून चालत नाही. ज्योतीत धरायचा चिमटा एकदा ज्योतीत न धरताच वापरला तर काय होते, हे पुढे याच चरित्रात यायचे आहे.

रू यांच्या या वर्गात साहाय्यक म्हणून अलेक्झांडर यर्सिन नावाचा तरुण काम करीत असे. १८९० मध्ये तो पूर्वेकडच्या देशांच्या ओढीने पॅरिस सोडून गेला आणि त्याच्या जागी हाफकिन आले. ग्रंथालयातला माणूस आता जगातून आलेल्या संशोधकांची टेबले मांडू लागला. इतिहासाचा योगायोग पाहा. याच यर्सिनने १८९४ मध्ये हाँगकाँग येथे प्लेगचा जंतू शोधून काढला आणि त्याच प्लेगवरची लस दोनच वर्षांनी मुंबईत हाफकिन यांनी तयार केली. एका जागेवर पाठोपाठ बसलेल्या दोघांनी एका रोगाची दोन टोके धरली. आज त्या जंतूला यर्सिनचे नाव आहे आणि त्याच्याशी झुंज देणाऱ्या संस्थेला हाफकिन यांचे.

पॅरिसमध्ये हाफकिन यांनी आधी पटकीचा प्रश्न हाती घेतला. एकोणिसाव्या शतकात पटकीने जगात अनेक फेऱ्या केल्या होत्या. गिनीपिग प्राण्यांच्या शरीरातून जंतू पुन्हा पुन्हा नेऊन त्यांनी त्याची तीव्रता वाढवली आणि उष्णता व हवा यांच्या योगाने दुसरा एक सौम्य प्रकार तयार केला. आधी सौम्य, मग तीव्र, अशी दोन टोचण्यांची पद्धत ठरली. प्राण्यांवर ती यशस्वी झाली. पण माणसाचे काय? १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखले, आणि ते बरे झाले. मग काही मित्रांनीही टोचून घेतली. युरोपातल्या नामांकित मंडळींनी मात्र या शोधाकडे संशयानेच पाहिले.

लस खरी की खोटी हे पटकी जिथे आहे तिथेच ठरणार होते. म्हणून मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला आले. सरकारी डॉक्टरांना हा वैद्य नसलेला माणूस नको होता. जन्माने रशियन म्हणून तो हेर असावा असाही संशय होता. लोकांना तर साहेबाच्या सुईचीच भीती होती. हाफकिन यांनी जबरदस्तीचा मार्ग धरला नाही. भारतीय डॉक्टरांना सोबत घेऊन ते कलकत्त्याच्या गरीब वस्त्यांत गेले, आधी आपल्या माणसांनी सर्वांसमक्ष टोचून घ्यायचे आणि मग इच्छा असेल त्याला टोचायचे, अशी रीत ठेवली. शिवाय एकाच घरातील टोचलेले किती आणि न टोचलेले किती, त्यांपैकी आजारी कोण पडले, याची त्यांनी काटेकोर नोंद केली. एकच घर, एकच पाणी, एकच अन्न, मग फरक पडला तर तो लशीचाच. ही साधी वाटणारी तुलना त्या काळात फार थोडे लोक करीत. अडीच वर्षांत चाळीस हजारांहून अधिक लोकांना त्यांनी लस टोचली. शेवटी हिवतापाने शरीर खंगले तेव्हा १८९५ मध्ये ते युरोपला गेले आणि बरे वाटताच १८९६ मध्ये परत आले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांना प्लेगचा रोगी आढळला. मुंबई हादरली. लाखो लोक शहर सोडून गावाकडे निघाले आणि रोगही त्यांच्या बरोबर निघाला. माझी आजी तिच्या आजीकडून ऐकलेले सांगते की, उंदीर पडू लागले की गाव उठे. घरे तशीच टाकून लोक माळावर पाल ठोकून राहत आणि ज्याच्या काखेत गाठ आली त्याच्याजवळ जायला सख्खा भाऊही धजत नसे. उंदराच्या अंगावरच्या पिसवांमुळे रोग पसरतो हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. ते पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवले आणि जगाला पटायला आणखी काही वर्षे गेली.

सरकारने हाफकिन यांना ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईला पाठवले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना जी जागा मिळाली ती म्हणजे एक खोली आणि बाहेरची ओसरी. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. कामाचा ताण असा की काही दिवसांतच एकाची प्रकृती ढासळली आणि दोघांनी काम सोडायची भाषा केली. तिथे हाफकिन यांनी अवघ्या तीन महिन्यांत लस तयार केली.

ती कशी केली ते सांगण्यासारखे आहे, कारण तिच्यात आपल्या स्वयंपाकघरातला एक पदार्थ आहे. जंतू वाढवायला मांसरस लागतो. इथल्या लोकांच्या भावना ध्यानात घेऊन हाफकिन यांनी त्यासाठी बोकडाचे मांस वापरले. त्या रसावर त्यांनी तुपाचे थेंब सोडले. प्लेगच्या जंतूंनी तरंगत्या तुपाचा आधार घेतला आणि ते खाली लोंबू लागले. गुहेच्या छतातून चुन्याचे खांब लोंबतात तशा त्या पांढुरक्या वाढी दिसत. चंबू हलवला की त्या तुटून तळाशी बसत आणि तुपाखाली पुन्हा नव्या लोंबत. ही प्लेगच्या जंतूची ओळखच ठरली. तरी डोळ्यांवर विसंबून चालत नसे. चंबूत दुसरा कोणताही जंतू शिरलेला नाही याची खात्री करावी लागे आणि त्यासाठी पुन्हा सूक्ष्मदर्शक. रंग दिलेला प्लेगचा जंतू दोन्ही टोकांना गडद आणि मध्ये फिकट दिसतो. असा शुद्ध पीक आलेला चंबू मग तासभर तापवून जंतू मारायचे, त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे आणि कुप्या भरायच्या. ओडेसाचे संग्रहालय आणि रू यांचा वर्ग यांत जे हाताला वळण लागले होते, त्याची खरी परीक्षा मुंबईच्या या ओसरीत झाली.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. मात्रा मोठी होती. ताप भरला, अंग दुखले, पण ते कामावर राहिले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या कैद्यांपैकी जे स्वखुशीने तयार झाले त्यांना लस टोचली आणि बाकीच्यांशी तुलना केली. टोचलेल्यांमध्ये रोग स्पष्टपणे कमी झाला. कैदी खरोखर किती स्वखुशीने तयार होऊ शकतो, हा प्रश्न आज आपण विचारला पाहिजे. त्या काळी तो फारसा कोणी विचारला नाही. पण त्याआधी हाफकिन यांनी स्वतःचा दंड पुढे केला होता, हेही विसरता येत नाही. पुढे आगाखान यांनी सर्वांसमक्ष टोचून घेतली, प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू दिली आणि खोजा समाजातले हजारो लोक लशीसाठी पुढे आले.

याच वेळी आपल्या पुण्यात काय चालले होते? सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होते. मुंढव्याच्या एका मुलाला पाठीवर घालून दवाखान्यात नेताना सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. दुसऱ्या बाजूला रँडसाहेबाच्या हुकमाने गोरे सोल्जर घराघरांत शिरत होते. रोगी शोधण्याच्या नावाखाली देवघरे आणि माजघरे उपसली जात होती. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंच्या गोळ्या सुटल्या. त्यानंतर लोकमान्य टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली. त्यांच्या तुरुंगवासातला काही काळ भायखळ्याच्या तुरुंगात आणि काही काळ आमच्या येरवड्याच्या तुरुंगात गेला. येरवड्यात राहणाऱ्या आम्हा मुलांना ती काळी भिंत रोजचीच आहे. पण तिचा आणि प्लेगच्या लशीचा काळ एकच आहे, हे कधी मनात आले नव्हते.

रँड आणि हाफकिन यांचा शत्रू एकच होता, प्लेग. दोघेही परके. पण एकाने दार फोडून आत जाण्याची पद्धत धरली आणि दुसऱ्याने दाराशी उभे राहून आधी स्वतःला टोचून दाखवले. नदीपलीकडच्या खडकीच्या लष्करी वस्तीत लस टोचली गेली तेव्हा टोचलेल्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले. तरीही पुण्याच्या पेठांत लशीबद्दलचा संशय लवकर गेला नाही. त्याला केवळ अज्ञान म्हणणे मला पटत नाही. ज्या सरकारने काल घर उपसले, त्याच सरकारची कुपी आज औषध म्हणून दंडात घ्यायची, हे सोपे नव्हते. जबरदस्तीने मोडलेला विश्वास चांगल्या औषधालाही महाग पडतो. कोरोनाच्या साथीत लशीबद्दल वस्तीवस्तीत ज्या शंका निघाल्या त्या आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. त्या वेळी लोकांना हसण्यापेक्षा त्यांच्या शेजारी बसून समजावणाऱ्या परिचारिका आणि आशाताई यांनीच खरे काम केले.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्मेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. ही वास्तू पूर्वी गव्हर्नरांचे निवासस्थान होती. आपल्या फर्ग्युसन महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे त्या गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी १८८२ मध्ये पटकीने वारल्या आणि त्यानंतर गव्हर्नरांनी ते घर सोडले. जे घर पटकीमुळे ओस पडले, तिथेच पटकीची लस शोधणारा माणूस प्लेगची लस करायला येऊन बसला. आता एका ओसरीच्या जागी मोठी दालने होती आणि लशीच्या कुप्या परळहून देशाच्या कानाकोपऱ्यात आणि परदेशातही जात होत्या.

आणि मग तो दिवस आला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकशे सात लोकांना लस टोचली. त्यांपैकी एका कुपीतली लस ज्यांना टोचली त्या एकोणीस जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. कुपी परळची होती. चौकशी बसली. वाढत्या मागणीमुळे लस करण्याच्या पद्धतीत हाफकिन यांनी काही बदल केला होता आणि कार्बोलिक आम्ल वगळले होते. त्यावर बोट ठेवून दोष परळच्या प्रयोगशाळेवर टाकला गेला. हाफकिन यांना कामावरून दूर केले आणि १९०४ मध्ये ते भारत सोडून गेले.

पुढे पुराव्यातून जे बाहेर आले ते असे. कुपी उघडताना गावातल्या साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. तो ज्योतीत तापवून घ्यायला हवा होता. तो नुसता औषधी पाण्यात बुचकळला गेला आणि त्यानेच कुपीचे बूच काढले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि सहजासहजी मरत नाहीत. शिवाय कुपी उघडली तेव्हा तिला वास येत नव्हता. जंतू परळलाच शिरले असते तर इतक्या दिवसांत ते वाढून कुपीला दुर्गंधी सुटली असती. लंडनच्या लिस्टर संस्थेनेही कागदपत्रे तपासून शंका व्यक्त केली. मलेरियाच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळवणारे रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्स पत्रात हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली. फ्रान्समध्ये ड्रायफस या निरपराध ज्यू अधिकाऱ्यावर झालेल्या अन्यायाशी या प्रकरणाची तुलना तेव्हाही झाली. त्या वर्षाच्या अखेरीस हाफकिन निर्दोष ठरले.

या प्रसंगात दोष त्या साहाय्यकाचा, असे म्हणून मोकळे होणे मला अवघड वाटते. पॅरिसच्या टेबलाशी विद्यार्थ्यांजवळ जाणता माणूस असे. चिमटा पडला तर तो तिथल्या तिथे थांबवी. मुलकोवालच्या त्या साहाय्यकाजवळ कोण उभे होते? साथीच्या घाईत लस गावोगाव पोहोचली, पण ती हाताळण्याचे शिक्षण तितक्या वेगाने पोहोचले नाही. कागदावर लिहिलेल्या सूचना वाचून हात तयार होत नाहीत. त्यासाठी कोणीतरी शेजारी बसून, चुकले की थांबवून, पुन्हा करवून घ्यावे लागते. आणि हे शिक्षण अपुरे राहिले तर त्याची किंमत नेहमी गावातला गरीब माणूस देतो. ते एकोणीस जण कोण होते, हे हाफकिन यांच्या चरित्रांत सहसा येत नाही. त्यांची आठवण ठेवूनच हाफकिन यांना निर्दोष म्हणायला हवे.

हाफकिन पुन्हा भारतात आले, पण परळला नाही. त्यांची नेमणूक कलकत्त्याला झाली आणि माणसांवर लशीचे प्रयोग करण्याची मोकळीक त्यांना राहिली नाही. ज्या माणसाचे सारे जीवन टेबलापासून वस्तीपर्यंत चालत जाण्यात गेले, त्याला टेबलाशी बांधून ठेवले गेले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपला गेले. त्यांनी लग्न केले नाही. उत्तर आयुष्यात ते आपल्या धर्माकडे अधिकाधिक वळले आणि आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांच्या शिक्षणासाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. त्याआधी १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले होते. तोवर तिथून प्लेगच्या लशीच्या अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर गेल्या होत्या. १९६४ मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

त्यांच्या लशी आज वापरात नाहीत. पटकीसाठी नंतर अधिक चांगल्या लशी आल्या आणि प्लेगवर प्रतिजैविके मिळाली. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकालाही मर्यादा आहे. मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागापेक्षा जवळ असलेले दोन बिंदू त्याला वेगळे दाखवता येत नाहीत, म्हणून कोरोनासारखा विषाणू त्यात दिसतच नाही. त्यासाठी आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला इलेक्ट्रॉनच्या सूक्ष्मदर्शकाकडे जावे लागले. विज्ञानात साधने जुनी होतात आणि त्यात दुःख मानण्यासारखे काही नाही. पण परळच्या संस्थेच्या पूर्ण नावात आजही प्रशिक्षण हा शब्द संशोधन या शब्दाच्या आधी येतो, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. हाफकिन स्वतः मेचनिकॉव्ह आणि रू यांच्या शेजारी बसून शिकले आणि मग त्यांनी दुसऱ्यांची टेबले मांडली. परळच्या दालनांत पुढे आपल्या देशातले अनेक हात तयार झाले.

शेवटी माझ्या सहाध्यायी मित्रमैत्रिणींपुढे आणि प्राध्यापकांपुढे एक विनंती ठेवते. आपण कला शाखेचे विद्यार्थी. आपल्यातले पुष्कळ जण पुढे शिक्षक होतील, कोणी ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत काम करतील, कोणी वर्तमानपत्रात लिहितील. पुढची साथ आली की लोकांना समजावण्याचे काम आपल्याच वाट्याला येणार आहे. तेव्हा वर्षातून एक दिवस तरी जवळच्या एखाद्या विज्ञान महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आपल्याला बसायला मिळावे. स्वतःच्या हाताने काचपट्टी तयार करावी, तलावाच्या पाण्याचा एक थेंब पाहावा, आणि शेजारी कोणी जाणते उभे असावे. लस, जंतू, साथ हे शब्द मग आपण ऐकीव म्हणून नव्हे तर पाहिलेले म्हणून बोलू. एका परक्या माणसाचे जे ऋण आपल्या शहरांवर आहे ते फेडता येणार नाही. पण त्याने ज्या रीतीने शिकवले आणि ज्या रीतीने लोकांच्या दाराशी उभा राहिला, ती रीत आपण उचलू शकतो.